जर्मनच्या पातेल्याला गंज

मे महिन्यात भुसावळात प्लास्टिकच्या मॉडेल विमानांच्या रंगाचं काम करायचं तर पहाटे साडेचारला उठण्यावाचून इलाज नाही. सात वाजले की गच्चीवरची खोली तापायला लागते. नऊनंतर तर एअरब्रशमधून, म्हणजे रंग फवारायच्या बारीक पिचकारीतून, निघालेला रंग प्लास्टिकला टेकायच्या आधी हवेतच सुकतो. मग पंखावर रंग बसत नाही, नुसती भुकटी बसते, आणि बोट फिरवलं की निंबाच्या खोडासारखं खरखरीत लागतं. रंग सुकायला वेळ लागावा म्हणून रिटार्डरचे दोन थेंब जास्त घालून पाहिले. कूलर लावून पाहिला, तर कूलरची ओलसर हवा लॅकरला सोसेना, वर पांढरट साय धरली. शेवटी ऊन नसतं तीच वेळ धरायची, एवढंच हातात उरलं.

गेल्या उन्हाळ्यात मी अशा कितीतरी पहाटा त्या खोलीत बसून एक लिबरेटर रंगवलं. बी-२४ लिबरेटर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बफेकी विमान. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११० फूट. माझं १/७२ प्रमाणातलं, म्हणजे साडेशेहेचाळीस सेंटीमीटर. आईच्या पोळपाटावर ठेवलं तर दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी वीत बाहेर येईल एवढं. पोट पिंपासारखं फुगीर, शेपटीला दोन उभी पानं, आणि पंख मात्र लांब, अरुंद, देखणे. अशी अठरा हजारांहून जास्त विमानं बनली. इतक्या संख्येनं दुसरं कुठलंच अमेरिकन लढाऊ किंवा बॉम्बफेकी विमान बनलं नाही.

पण मी ते निवडलं त्याचं कारण कानपूर. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलानं आपली लिबरेटर विमानं कानपूरजवळ चकेरीला आणून सोडून दिली. ती अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर आलेली होती, तेव्हा पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून जाताना ती मोडूनतोडून ठेवली. पुढे १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचे कारागीर त्या भंगारात शिरले. ह्याचं चाक, त्याचं इंजिन, तिसऱ्याचं शेपूट असं करत त्यांनी विमानं उभी केली, आणि कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी ती एकेक करून बंगळूरला उडवत घेऊन गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. १९६८ पर्यंत ही विमानं सेवेत होती. एक आजही दिल्लीच्या पालम संग्रहालयात आहे. जगात आज जी मोजकी लिबरेटर शिल्लक आहेत, त्यांतली काही या कानपूरच्या ढिगाऱ्यातूनच वर आलेली आहेत. भंगाराच्या ढिगात उभं राहून, यातलं काय अजून जिवंत आहे हे हातानं चाचपडत शोधणारी ती माणसं मला फार जवळची वाटतात. आमच्या घरात तसंच एक माणूस आहे.

नाना, माझे वडील, अडतीस वर्षं रेल्वेत होते. खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये, फिटर म्हणून निवृत्त झाले विजेच्या इंजिनांच्या शेडमधून. वय आता सत्त्याहत्तर. पहिल्या पाळीची सवय सुटलेली नाही, त्यामुळे पहाटे पाचला त्यांची आंघोळ झालेली असते. कपबशी घेऊन एकेक पायरी मोजत ते वर येतात, खुर्चीवर बसतात, आणि चहा संपेपर्यंत काही बोलत नाहीत. वर्षानुवर्षं मी वर बसून विमानं जोडतो हे त्यांना माहीत होतं, पण आईच्या आजारपणात घरातलं सगळंच कोलमडलं आणि ती गेल्यावर रिकाम्या पहाटा त्यांना खायला उठल्या. तेव्हापासून ते वर यायला लागले.

मी रंगवत होतो ते विमान १९४४ सालचं, ब्रिटिश हवाई दलाचं, बंगालमधल्या सालबनी तळावरचं. रंग ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे हिरवट मातकट, आणि पोटाखाली करडा. पंखावरच्या गोल खुणेत लाल रंग नाही, कारण पूर्वेकडच्या आघाडीवर लांबून लाल ठिपका दिसला की जपानी सूर्य समजून आपलीच तोफ आपल्या विमानावर चालायची. म्हणून गडद निळ्यात फिका निळा. या खुणांचे स्टिकर डब्यात जुने होऊन पिवळे पडले होते. ते पारदर्शक पिशवीत घालून दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवले. चार दिवसांत भुसावळच्या उन्हानं त्यांचा पिवळेपणा खाऊन टाकला. ज्या उन्हापासून पहाटे तोंड लपवत होतो, त्यानंच हे काम फुकटात करून दिलं.

लिबरेटरचं मॉडेल मागं कलंडून शेपटीवर बसतं, हे जोडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. नाकात वजन भरावंच लागतं. मी तापीत जाळी टाकणाऱ्या एकाकडून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी घेतले आणि कॉकपिटच्या मागे-खाली गच्च भरले. खऱ्या विमानालाही ही खोड होती. तळावर उभं असताना शेपटीखाली टेकू लावत असत. नानांना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली.

मुख्य रंग झाला, खुणा बसल्या, आणि मी त्या टप्प्यावर आलो ज्याला आम्ही मॉडेलवाले वेदरिंग म्हणतो. ऊन, पाऊस, तेल, धूर आणि माणसांचे पाय यांनी वस्तूवर जे केलं असेल ते ब्रशनं करायचं. मला हाच टप्पा सर्वांत प्रिय. नवंकोरं विमान हे कारखान्याचं असतं. मळलेलं विमान कुणाच्या तरी हाताखालचं असतं.

तर मी सरावानं पंखांच्या सांध्यांवर, बॉम्बच्या कप्प्याच्या कडांवर, खिळ्यांच्या रांगांवर तांबडा-तपकिरी गंज दिला. नीट दिला होता, बारीक ब्रशनं, खाली ओघळ उतरवून. दिसतही छान होता. नानांनी कप खाली ठेवला.

‘हे तांबडं काय लावून राह्यला रे तू?’

‘गंज आहे, नाना.’

‘विमान कशाचं असतं?’

‘ॲल्युमिनियमचं.’

‘मग जर्मनच्या पातेल्याले कधी जंग लागलेला पाह्यला का तू?’

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. आईचं दूध तापवायचं जर्मनचं पातेलं अजून स्वयंपाकघरात आहे. तळाशी काळं, कडेला पोचे, आतून करडं पडलेलं. घासलं की चंदेरी, ठेवलं की पुन्हा निस्तेज. चाळीस वर्षांत त्याच्यावर तांबडा ठिपका आलेला नाही, येणारही नाही. हे मी रोज पाहत होतो, आणि तरी लिबरेटरच्या अंगावर लोखंडाचा गंज चढवत होतो. कारण दुसऱ्यांच्या मॉडेलांवर तो पाहिला होता आणि तो ‘जुनं’ दिसतो.

दोन पहाटा गंज पुसण्यात गेल्या. एनॅमलचा होता आणि खालचा थर ॲक्रिलिकचा, म्हणून व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं निघाला. तांबूस तपकिरी रंग ठेवला तो फक्त धूर बाहेर टाकणाऱ्या पोलादी नळ्यांवर. सतत तापणारं पोलाद तसं होतंच. बाकी अंगावर जिथं रंग उडालाय तिथं उघडा पडायला हवा तो चंदेरी पत्रा.

पण कुठं उडालाय? मी ब्रश उचलला की नाना विचारायचे. माणूस चढायचा कुठून? पेट्रोल कुठून भरायचे? पाना घेऊन बसताना गुडघा कुठं टेकायचा? पहिले दोन दिवस मला या प्रश्नांचा त्रास झाला, खरं सांगतो. माझ्याजवळ उत्तरं नव्हती. मग मी जुनी काळी-पांढरी छायाचित्रं काढून बसलो, आणि आतापर्यंत ज्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं ती माणसं दिसायला लागली. वैमानिक विमानासमोर रांगेत उभे राहून फोटो काढतात. पण बाकीच्या फोटोंत, कडेला, अर्धी कापली गेलेली, अर्ध्या चड्डीतली उघडी माणसं पंखावर पालथी पडून इंजिनात हात घालून आहेत. कुणी शिडीवर आहे, कुणी चाकापाशी उकिडवा बसलाय. त्यांची नावं फोटोखाली नाहीत. पण आतल्या दोन इंजिनांमागे पंखावरचा रंग जिथं घासून गेलाय तिथं त्यांचे बूट आहेत, गुडघे आहेत.

पंखाची वरची बाजू मी त्यांच्यासाठी पुन्हा केली. खाली चंदेरी रंग, त्यावर केसांना मारायच्या स्प्रेचा पातळ थर, त्यावर ऑलिव्ह ड्रॅब. सुकल्यावर ओल्या ब्रशनं जागा भिजवायची, अर्धं मिनिट थांबायचं. पाण्यानं मधला थर विरघळतो आणि वरचा रंग सुटायला लागतो. मग दात घासायच्या ब्रशचे चार केस कापून काडीला बांधलेले, त्यांनी हलकेच टोकरायचं. १/७२ मध्ये पाव मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर अठरा मिलिमीटर, अंगठ्याच्या नखाएवढा. मिलिमीटरभर निघाला तर तळहाताएवढा पत्रा उघडा पडला. म्हणून श्वास धरून काम. एका पहाटे एका इंजिनामागची जागा झाली की मी उठायचो. त्याहून जास्त केलं की हात लोभी होतो आणि सगळीकडेच रंग उडवायला लागतो.

उडालेल्या रंगापेक्षा विटलेला रंग अवघड. ऑलिव्ह ड्रॅब हा फार चंचल रंग आहे. कडक उन्हात तो हिरवा राहत नाही, पिवळसर खाकी होत जातो, आणि सगळीकडे सारखा होत नाही. शेपटीची हलती पानं, पंखाच्या टोकाकडची हलती पानं (एलरॉनं) धातूची नव्हती, कापडाची होती. कापडावर तोच रंग वेगळा विटतो. म्हणून तेलरंगाचे अगदी बारीक ठिपके (पांढरा, पिवळा, मातकट) पत्र्याच्या एकेका चौकटीत टाकायचे आणि जवळजवळ कोरड्या ब्रशनं वाऱ्याच्या दिशेनं ओढून नाहीसे करायचे. ठिपका दिसला तर चुकलं. रंगात नुसता थोडा थकवा यायला हवा. हे मला पुस्तकातून नाही समजलं. आमच्या गल्लीतल्या एका घराची दारं एकाच वर्षी, एकाच डब्यातल्या हिरव्या रंगानं रंगवली होती. दक्षिणेचं दार आज करड्यासारखं झालंय, उत्तरेचं अजून हिरवं आहे. मी कपाटातून रंगाच्या बाटल्या काढून त्या दोन दारांपुढे उभा राहिलो आणि तिथंच रंग जुळवला.

धुराचं सांगतो आणि पुढे जातो. लिबरेटरच्या इंजिनांचा धूर पंखाखाली, टर्बोतून बाहेर पडतो, म्हणून त्याचा पट्टा वरून दिसत नाही, खालून दिसतो. नवशिका माणूस तो काळाकुट्ट करतो. पण ही विमानं लांब जायची. ऑक्टोबर १९४४ मध्ये बंगालमधून निघून मलायातल्या पेनांगच्या बंदरात सुरुंग टाकून ती परतली, जाऊन-येऊन सुमारे तीन हजार मैल. एवढं लांब जायचं तर इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त द्यायची. अशा धुराची काजळी काळी नसते. पेट्रोलमधल्या शिशामुळे ती राखाडी-पांढरट, कडेला तपकिरी होते. दीपनगरच्या वीजकेंद्राकडून वारा आला की केळीच्या पानांवर जी राख बसते तो रंग मला हवा होता. मी तोच दिला.

एका सकाळी नानांनी विचारलं, हे जायचं कुठं? मी सांगितलं. ब्रह्मदेशात, सयाममध्ये (आजच्या थायलंडमध्ये). काय पाडायचे? पूल, इंजिनं, रेल्वेचे यार्ड. मुख्यतः रेल्वेच. सयाम ते ब्रह्मदेश जी ४१५ किलोमीटरची लाइन जपान्यांनी जंगलातून काढली, तिच्यावर या विमानांनी पुन्हा पुन्हा बॉम्ब टाकले. ती लाइन बांधताना बारा हजारांहून जास्त युद्धकैदी मेले आणि त्याहून कितीतरी जास्त आशियाई मजूर, त्यांत मलायाच्या मळ्यांतून नेलेले तमिळ लोक पुष्कळ. लाइन ऑक्टोबर १९४३ मध्ये पुरी झाली. मग ती चालू ठेवायला, तुटलेले पूल सांधायलाही माणसं लागायचीच, आणि वरून बॉम्ब पडायचे तेव्हा तीही खाली असायची.

नाना बराच वेळ गप्प होते. मग १९७१ च्या डिसेंबराचं बोलले. भुसावळ एवढं मोठं जंक्शन, शेजारी दारूगोळ्याचा कारखाना, त्यामुळे ब्लॅकआउट कडक. घरांच्या काचांना काळे कागद. यार्डातले दिवे बंद. पण वाफेच्या इंजिनाला कोळसा तर घालावाच लागतो, आणि फायरबॉक्सचं दार उघडलं की उजेड थेट आभाळाला भिडतो. म्हणून कॅबवर ताडपत्री बांधायचे. त्या ताडपत्रीखाली, त्या आगीसमोर, हे चोवीस वर्षांचे नाना फावडं मारत होते. ‘वरून त्याले तेवढंच दिसलं असतं,’ ते म्हणाले. ‘एक लाल ठिपका.’

लिबरेटरच्या नाकात, तोफेच्या घुमटाखाली, बॉम्ब टाकणाऱ्याची सपाट काच असते. ती मी आदल्याच दिवशी पॉलिश केली होती. त्या काचेतून खाली पाहणारा मुलगा नानांच्याच तेव्हाच्या वयाचा असणार. त्या सकाळी मी पुढे काम केलं नाही. विमान चुकीच्या बाजूचं होतं असं मला वाटत नाही. ते युद्ध जिंकणं गरजेचं होतं असंच मी मानतो. पण तेव्हापासून मी विमान हातात घेतलं की नकळत उलटं करून त्याचं पोटही पाहतो. वरून पाहायची मला सवय होती. खालून त्याच्याकडे पाहणाऱ्यांतले आम्ही आहोत.

चाकांची माती हे शेवटचं काम. मी शेतातली काळी माती आणून, वाळवून, वस्त्रगाळ करून चाकांना लावली. आपली काळी माती फार सुंदर चिकटते. टायरच्या खाचांत अशी बसली की काढावीशी वाटेना. पण सालबनी मिदनापूरमध्ये, आणि तो भाग लाल जांभ्याचा. कापसाची काळी माती तिथं यायची कुठून? विमान माझ्या खोलीत होतं, पण त्याची चाकं माझ्या शेतात नव्हती. धुतली. ऑफिसातला एक सहकारी रत्नागिरीचा आहे. तो मेच्या सुट्टीत गावी गेला तेव्हा त्याला घराशेजारची मूठभर माती आणायला सांगितली. त्यानं कारण न विचारता आंब्याच्या पेटीत एका पुडीत ती आणली. जांभा तो जांभाच. चाकांना लागला आणि विमान जमिनीवर टेकलं.

एक अपघात सांगायला हवा. शेवटचा मॅट वार्निशचा थर मी घाईनं जुलैच्या पहिल्या पावसात मारला आणि डाव्या पंखावर धुकं उतरल्यासारखा पांढरा पडदा आला. चार महिन्यांचं काम. पोटात खड्डा पडला. दोन दिवस हात लावला नाही. उघडीप मिळाली तेव्हा त्यावर पातळ चकचकीत थर दिला, पडदा बराचसा विरला, मग कोरड्या दुपारी पुन्हा मॅट. पंखाच्या टोकाला थोडं धुरकट राहिलंय. ते राहू दिलं.

विमान आता लाकडी फळीवर उभं आहे. शेपटीखाली टेकू, इंजिनाशी शिडी. नानांनी चष्मा पुसून चारी इंजिनं पाहिली. मी तेलाचे ओघळ सगळ्यांना सारखे दिले होते. ते त्यांना पटलं नाही. चारही इंजिनं सारखी कधी गळत नाहीत, एक कुठलं तरी खोडकर असतंच. मी टूथपिक त्यांच्या हातात दिली. त्यांचा हात आता कापतो. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी उजव्या बाजूच्या आतल्या इंजिनाखाली काळ्या-तपकिरी रंगाची एक बारीक रेघ ओढली, आणि खाली फळीवर एक थेंब सोडला.

‘आता ट्रे लाव,’ म्हणाले.

‘कसला ट्रे?’

‘गळणाऱ्या इंजिनाखाली ट्रे नसतो का? तेल काय जमिनीवर सोडतील?’

गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चंदेरी पन्नी कापून, कडा दुमडून, नखाएवढा ट्रे केला. त्यात तेलाचा रंग भरला. नानांनी स्वतःच्या जुन्या उपरण्याचा एक धागा उसवला, त्याची गुंडाळी केली आणि ट्रेच्या कडेला ठेवली, हात पुसायला.